जुन्या मोटारसायकली आणि गोव्याची हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या डिचोलीच्या घराच्या पडवीत तीन गाड्या उभ्या असतात: वडिलांची राजदूत, एक जावा आणि एक बुलेट. रस्त्यावरून जाणारा थांबतो, चहा होतो आणि ठरलेले प्रश्न सुरू होतात. पहिला, "कितवं साल?" दुसरा, "देणार काय?" आणि तिसरा, "आमच्या गोठ्यातही एक पडून आहे, तिचं काय करू?" मी काही मेस्त्री नाही. बँकेतली नोकरी सांभाळून, चुका करत आणि पैसे घालवत जे कळलं, ते इथे लिहून ठेवतो.

गोव्यात जुन्या गाड्या एवढ्या कशा?

१९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. शेजारच्या भारतात परदेशी वस्तूंवर कडक बंधनं होती. इथे मात्र पन्नाशीच्या दशकात खनिजाच्या निर्यातीतून पैसा आला आणि मुरगाव बंदरातून युरोपचा माल सहज उतरायला लागला. मोटारी आल्या, तशा मोटारसायकलीही आल्या. सत्तरी तालुक्यातल्या एका घरात लाकडाच्या ढिगाखाली झाकलेली जर्मन एनएसयू मी स्वतः पाहिली आहे. घरच्यांना ते नाव वाचता येत नव्हतं. "आजोबांची जर्मन" एवढीच तिची ओळख होती.

मुक्तीनंतर मद्रासच्या बुलेट आल्या, मैसूरच्या जावा आल्या. साठीच्या अखेरीस हणजुण्याकडे, म्हणजे अंजुनाला, हिप्पी आले. त्यांनी बुलेट घेतल्या, जाताना विकल्या आणि त्या इथेच फिरत राहिल्या. आणि आपले पायलट! पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल टॅक्सी म्हणून चालवायची आणि चालवणाऱ्याला 'पायलट' म्हणायचं, ही गोव्याचीच रीत. त्यांनी या गाड्या नुसत्या ठेवल्या नाहीत, रोज चालवून जिवंत ठेवल्या.

व्हिंटेज कुठली आणि नुसती जुनी कुठली?

बोलण्यात सगळ्याच व्हिंटेज असतात. कायद्यात मात्र ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली, म्हणजे चासी, इंजिन आणि बॉडीत मोठा फेरफार न केलेली गाडीच व्हिंटेज. त्यामुळे यामाहाची आरएक्स १०० कितीही लाडकी असली, तरी अजून व्हिंटेज नाही. ती १९८५ ची.

मग व्हिंटेज नोंदणी करून घेऊ का?

थांबा. २०२१ साली केंद्राने यासाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची.

तुमच्या गाडीचं आरसी बुक जिवंत असेल तर माझं मत असं: साधी नोंदणीच चालू ठेवा. १५ वर्षांनंतर तपासणी करून नूतनीकरण, पुढे दर ५ वर्षांनी पुन्हा. कटकट आहे, पण दूध आणायला जावा नेता येते. जुनी नंबरप्लेट 'जीडी' अक्षरांनी सुरू होत असेल, तर ती गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाची. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं आणि पुढे 'जीए' आलं. तो जीडी नंबर जपा. बाकी सगळे पार्ट बाजारात मिळतात, तो मिळत नाही.

गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे. काय करायचं?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि सगळ्यात जास्त गाड्या गंजून मरतात त्याही यामुळेच.

वारसाच्या नावावर गाडी करायचा अर्ज म्हणजे फॉर्म ३१. कायद्याने मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. प्रत्यक्षात लोक तीस वर्षांनी जागे होतात. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, दंड आणि फेऱ्या वाढतात. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. त्यामुळे वारस कोण हे ठरवणारा दस्त लागतो आणि त्यात सगळी भावंडं येतात, लग्न होऊन गेलेल्या आत्यासुद्धा. खरी दुरुस्ती इथे सुरू होते. ज्या काकांनी चाळीस वर्षांत गाडीकडे पाहिलं नाही, त्यांना सहीच्या दिवशी बरोबर आठवतं की आजोबा त्यांनाच पुढे टाकीवर बसवून जत्रेला नेत असत.

माझा सल्ला: चवथीला सगळे मूळ घरी जमतात, तेव्हा विषय काढा. आरतीनंतर, जेवणाआधी नव्हे. आरसी बुक हरवलं असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग दुय्यम प्रतीसाठी फॉर्म २६. सह्या आणि कागद हातात येईपर्यंत गाडीवर एक रुपया खर्च करू नका.

कागद नाहीत, पण गाडी स्वस्त मिळते आहे. घेऊ?

नको.

तरीही मोह होतोय.

मग निदान हे तपासा. चासी आणि इंजिन नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा. अक्षरांची उंची सारखी नसेल, एखादा आकडा वेगळ्या पंचाने मारल्यासारखा दिसला, आजूबाजूला घासल्याच्या खुणा असल्या, तर हात जोडून निघा. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्याने आणून द्यायला हवं. "ते नंतर करू" असं म्हणाला तर ते कधीच होत नाही. पायलटाची गाडी घेत असाल तर ती व्यावसायिक नोंदणीची असते. ती खाजगी करून घ्यावी लागते आणि ते काम विकणाऱ्याच्या हजेरीतच उरका.

हणजुण्याला एकाकडे 'अस्सल हिप्पीची बुलेट' आहे. किंमत जास्त सांगतो.

गोष्टीचे पैसे देऊ नका, लोखंडाचे द्या. मला आजवर भेटलेल्या सगळ्या हिप्पी-बुलेटा खऱ्या धरल्या, तर त्या काळी हणजुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त होत्या असं म्हणावं लागेल.

पहिली जुनी गाडी कुठली घ्यावी?

पार्ट मिळतात ती. बाकीची सगळी कारणं नंतर.

बुलेट ३५० बद्दल शंका नको. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड कंपनी उभी राहिली, इंग्लंडच्या रेडिचहून आलेले भाग जोडत सुरुवात झाली. ते कास्ट आयर्न इंजिन, ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचं, बारीकसारीक बदल होत २०१० च्या आसपासपर्यंत चाललं. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पार्ट कुठेतरी सापडतो. दोष एकच: इंग्रजी आणि मेट्रिक आट्यांची खिचडी. एका नटाला बसणारा पाना शेजारच्या नटाला बसेलच असं नाही. अॅडजस्टेबल पान्याने नटांचे कोपरे खाल्लेली बुलेट दिसली की समजा, ती बऱ्याच हातांतून गेली आहे.

जावा म्हणजे माझा पक्षपात, हे आधीच सांगतो. मैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून ती बनवली, सत्तरीच्या दशकात नाव येझदी झालं, १९९६ ला कारखाना बंद पडला. टू-स्ट्रोक, वाल्व नाहीत, भाग कमी. किकची कांडी आत दाबून पुढे फिरवली की तीच गियरची कांडी होते! पहिल्यांदा बघणाऱ्याला मी हे मुद्दाम दाखवतो. चावी म्हणजे नुसती खुंटी, एकाची चावी दुसऱ्याच्या गाडीला चालते. त्यामुळे जावावाले गाडी कुलपाच्या भरवशावर सोडत नाहीत, शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडतात.

राजदूत १७५ ला मान मिळाला नाही. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली, १७३ सीसीची. दुधाचे कॅन, नारळाची पोती, माणसं, सगळं ओढलं तिने. स्वस्त मिळते आणि शिकायला उत्तम. आरएक्स १०० आता स्वस्त नाही, चांगली गाडी लाखाच्या घरात जाते आणि तिच्या नावावर नकली माल भरपूर आहे. राजदूत ३५०, म्हणजे यामाहाची आरडी, १९८३ ला आली. दोन सिलिंडर, पळायला वाघ, पेट्रोल प्यायला हत्ती. पहिली गाडी म्हणून घेऊ नका. तिचे पार्ट शोधताना संसार बुडतो.

गाडी घरी आली. सुरुवात कुठून?

आधी सुरू करा. मग सुटी करा. बहुतेक जण उलटं करतात. पहिल्याच रविवारी उत्साहात सगळी गाडी सुटी होते, नट-बोल्ट एका बादलीत जातात, पाऊस येतो, बादलीत पाणी शिरतं. दोन वर्षांनी "सुटी गाडी विकणे आहे" असा निरोप मला येतो. गोव्यात अर्धवट सुट्या गाड्यांची संख्या चालत्या गाड्यांपेक्षा कमी नसावी.

गाडी चालू स्थितीत असेल तरच कळतं की गियर उडतो का, क्लच घसरतो का, धूर निळा आहे की पांढरा. हे न बघता इंजिन खोललं तर मेस्त्री सांगेल ते बदलावं लागतं. पेट्रोल, स्पार्क आणि कॉम्प्रेशन, या तीन गोष्टी जमवा आणि अंगणात दोन फेऱ्या मारा. मग वही काढा आणि दोष लिहा. सोडताना प्रत्येक पायरीचा फोटो, प्रत्येक भागाची वेगळी पिशवी, पिशवीवर नाव. वायरी कापू नका, चिकटपट्टीवर लिहून सोडवा. एका वेळी एकच हिस्सा उघडा: पुढचं चाक पुरं झालं की मागचं.

इंजिन जाम आहे. किक हलत नाही.

त्यावर उभं राहून उड्या मारू नका, किकचा शाफ्ट तुटेल. प्लग काढा, सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओता आणि आठवडाभर विसरून जा. मग टॉप गियर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे झुलवा. सुटलं तर लगेच सुरू करू नका. हेड उघडून सिलिंडरच्या भिंती बघा. गंजाचे खड्डे असतील तर बोअर, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा, करावंच लागेल. ओव्हरसाईज पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्याने मिळतात, म्हणून आधी पिस्टन हातात घ्या आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्या. बोअर आधी आणि पिस्टन नंतर, असं करणाऱ्या मेस्त्रीला नमस्कार करा आणि पुढच्या गॅरेजात जा.

टू-स्ट्रोक गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर क्रँकची दोन्ही ऑइल सील न विचारता बदला. सुकलेल्या सीलमधून हवा आत जाते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापून चिकटतो. माझी जावा साखळी गावच्या चढावर अशीच चिकटली होती. शंभर रुपयांच्या सीलपायी.

गंजाचं काय करायचं? देशावरच्या मित्राची गाडी तशीच राहते, माझी दर वर्षी लाल होते.

पुण्याची हवा आणि आपली हवा एक नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बाकी आठ महिने दमटपणा आणि किनाऱ्याकडे खारा वारा. लोखंडावर मीठ बसलं की ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गंज थांबतच नाही. त्याहून वाईट म्हणजे अॅल्युमिनियमच्या कव्हरात बसलेले पोलादी स्क्रू. दोन धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन स्क्रूला घट्ट धरतं. असा स्क्रू जोर लावून फिरवला तर डोकं जातं. आधी गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर ठेवा, कव्हर गरम करा आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर वापरा. परत बसवताना स्क्रूला ग्रीस लावा. स्टेनलेस स्क्रू बसवला म्हणून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढू शकतो. ग्रीस त्यालाही हवंच.

छोट्या लोखंडी भागांना काकवीचं स्नान द्या. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, बादलीत दोन आठवडे. ब्रॅकेट, स्टँड, साखळीचं कव्हर असे भाग स्वच्छ निघतात. अॅल्युमिनियम मात्र त्यात कधीच टाकू नका. आणि बादली घरापासून लांब ठेवा, कारण मुंग्या येतात, वास येतो आणि घरचे बोलतात.

टाकी आतून गंजली असेल तर व्हिनेगर. दुकानातलं पांढरं, स्वस्त. मी एकदा स्वयंपाकघरातलं माडाचं व्हिनेगर ओतलं होतं. गंज गेला, पण त्या आठवड्यात घरी विंदालू झालं नाही. एक-दोन दिवस भरून ठेवा, मध्ये मूठभर नट टाकून हलवा, ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच उन्हात नाहीतर हेअर ड्रायरने कोरडी करा. तासभर ओली राहिली तरी पुन्हा लाल होते. कधी कधी गंज निघाल्यावर टाकीला भोकं दिसतात, कारण तोवर गंजानेच ती बुजवलेली असतात. भोकावर वेल्डिंग करायचं असेल तर टाकी पूर्ण धुऊन, पाण्याने भरून मगच वेल्डरकडे द्या. रिकाम्या टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ बॉम्बसारखी फुटते. यात विनोद नाही.

कार्ब्युरेटरवर मात्र आमसूल, चिंच, व्हिनेगर काही लावू नका. पितळेची भांडी त्याने चकाकतात म्हणून लोक लावतात. कार्ब्युरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, आंबट तिला खातं.

रंग आणि क्रोम नवं करू का? शोरूमसारखी दिसायला हवी.

इथे माझ्याशी बरेच जण भांडतात.

वडिलांच्या राजदूतच्या टाकीवर, पुढच्या बाजूला, 'श्री शांतादुर्गा प्रसन्न' असं लिहिलेलं होतं. पिवळ्या रंगात, सावली देऊन, हाताने. साखळीच्या कुण्या पेंटरने सत्तरीच्या दशकात काढलेलं. 'दु'चा उकार जरा तिरका गेला होता. २००९ मध्ये मी गाडी रंगवायला दिली. पुट्टी, प्रायमर, तीन हात रंग, वर लॅकर, आरशासारखी गाडी आली. वडिलांनी पडवीतून पाहिलं, "बरी झाली" म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर त्या गाडीवर ते कधी बसले नाहीत. अक्षरं घासली गेली होती. मी फोटोसुद्धा काढला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम असा: मूळ रंग साठ टक्के तरी शाबूत असेल तर हात लावू नका. बारीक पॉलिश, मेण, गंजलेल्या जागी स्थानिक उपचार. मूळ रंग एकदाच असतो, परत आणता येत नाही. पूर्ण गेला असेल तरच रंगवा आणि रंगवण्याआधी माप घेऊन फोटो काढा: रेघांची जाडी, अक्षरांची जागा, बॅज. मद्रासच्या बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या असतात. त्या जागी स्टिकर लावला तर दहा फुटांवरूनही कळतं.

क्रोमबद्दल एवढंच: चकाकी क्रोमची, पण गंजापासून राखण करतं ते खालचं निकेल. स्वस्तात काम करणारे निकेल पातळ देतात, गाडी दिवाळीला झकास दिसते आणि पुढच्या जूनमध्ये ठिपके येतात. "निकेल जाड द्या, पैसे घ्या" असं तोंडावर सांगा.

पार्ट कुठे मिळतात?

साध्या गोष्टी म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या दुकानांत. केबल, पॅकिंग, प्लग, बेअरिंग. बेअरिंगवर नंबर असतो, गाडीचं नाव सांगण्यापेक्षा तो नंबर सांगा, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल. क्रँक, बोअर, बुश असली मशीनची कामं मी चोर्ला घाटाने बेळगावच्या उद्यमबागेत नेतो. ओतकाम किंवा न मिळणारा भाग घडवून घ्यायचा असेल तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. तिथल्या लेथवरच्या माणसांना नमुना दाखवला की पुरे. शाफ्ट वर्तमानपत्रात गुंडाळून कदंबा बसमधून नेला, तर कंडक्टर "हे कितें?" विचारतो. "क्रँक" सांगितलं की त्याच्या मामाची जावा निघते.

ऑनलाइन 'मूळ कंपनीचा पार्ट' म्हणून येणारा माल बहुतेक नवा, नकलेचा असतो. चालतो. फक्त मापून घ्या.

चांगला मेस्त्री कसा ओळखायचा?

नावं विचारू नका, देणार नाही. एकाचं नाव दिलं की त्याच्याकडे वीस गाड्या जमतात आणि माझी मागे पडते. खूण सांगतो. चांगला मेस्त्री आधी गाडी ऐकतो, मग पाना उचलतो. काढलेला जुना भाग परत दाखवतो. "फाल्यां", म्हणजे उद्या, म्हणतो, तेव्हा निदान त्याच आठवड्यातला एखादा 'फाल्यां' असतो. एका गॅरेजात माझी बुलेट अकरा महिने होती. परत आणली तेव्हा तिचा कार्ब्युरेटर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा होता. तेव्हापासून गाडी देताना भागांचे नंबर लिहून देतो आणि सही घेतो. रागावतात. रागावू द्या.

बुलेटला किक बसत नाही. पाय मागे फेकते.

जोराचं काम नाही. इग्निशन चालू करा, किक सावकाश दाबा आणि अॅमीटरचा काटा बघा. पॉइंट, म्हणजे स्पार्क पाडणारे संपर्क, जुळले की काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. किक जड लागेल आणि काटा मध्यावर येईल तिथे थांबा. डीकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, लिव्हर ओढा, किक किंचित पुढे ढकला, लिव्हर सोडा. किक वर येऊ द्या आणि एकदाच, पूर्ण, शेवटपर्यंत मारा. तरीही पाय फेकत असेल तर स्पार्कचं टायमिंग पुढे गेलं आहे. पिस्टन वर पोचायला ०.८ मिमी असताना पॉइंट उघडायला हवेत. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी.

मुलीला बुलेट शिकवायची आहे. गियर उजव्या पायाला कसा?

जुन्या बुलेटचा तो मूळ घाट. गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. टाचेने दाबायची न्यूट्रलची वेगळी लिव्हर आहे, ती फार सोयीची. शिकायला नवखीला सोपं जातं, सवयीच्या माणसाला अवघड. माझा मेहुणा वीस वर्षं नव्या गाड्या चालवतो. माझी बुलेट घेऊन गेला, कोपऱ्यावर ब्रेक समजून गियर दाबला आणि तुळशीवृंदावनापाशी थांबला. मुलीला आधी बंद गाडीवर पायांची सवय करू द्या, मग मोकळ्या मैदानात न्या.

टू-स्ट्रोकला ऑइल किती?

जावा, येझदी, राजदूतला पेट्रोलातच मिसळायचं: लिटरला ३० ते ४० मिली चांगलं टू-टी ऑइल, नवा पिस्टन असेल तर ५०. आरएक्स आणि आरडीला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो. पंप बंद पडलाय हे पिस्टन चिकटल्यावर कळतं, म्हणून टाकीतली पातळी खरंच उतरते का ते बघत जा.

इथेनॉलच्या पेट्रोलाने जुन्या गाड्या खराब होतात का?

होतात, पण घाबरण्याइतक्या नव्हे. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडे हवेत पाण्याशिवाय असतंच काय. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट खाली बसतं, नेमकं पेट्रोल कॉकच्या तोंडाशी. जुने रबर पाइप मऊ होऊन चिकटतात, कॉकमधलं बूच सुटतं. पाइप आणि वॉशर इथेनॉल सोसणारे बसवा. गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईस्तोवर चालवा. इंजिन जास्त तापत असेल तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा करून बघा.

६ व्होल्टचं १२ करू? डिस्क ब्रेक? मोठा सायलेन्सर?

१२ व्होल्ट करा. जावाचा दिवा रात्री अनमोड घाटात रस्ता दाखवत नाही, फक्त आपण आहोत एवढं समोरच्याला सांगतो. इलेक्ट्रॉनिक इग्निशनही चालेल, जुने भाग पिशवीत ठेवा म्हणजे झालं. जो बदल एका दुपारी परत फिरवता येतो, तो करावा. फ्रेम कापणं, वेल्डिंग करून चेसी लांबवणं, हे नाही, कायद्यालाही ते चालत नाही. आणि फटफट वाजणारा रिकामा सायलेन्सर लावून गावातून जाऊ नका. म्हातारी माणसं शिव्या देतात आणि त्या बरोबर असतात.

पीयूसीत पास होईल?

ट्यूनिंग नीट असेल तर होते. ३१ मार्च २००० पर्यंतच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं. गाडी पूर्ण गरम करून न्या.

एकूण खर्च किती येईल?

घरच्यांना सांगाल त्याच्या दुप्पट. इंजिनाचा अंदाज बऱ्यापैकी धरता येतो, खड्डा पडतो तो क्रोम, बॅज, मीटर, स्विच, दिव्याची काच अशा शोभेच्या वस्तूंत. माझ्या जावाला तीन वर्षं लागली, त्यातली दोन वाट बघण्यात गेली.

पावसाळ्यात गाडी कशी ठेवायची?

मेअखेरीस तयारी करा. कार्ब्युरेटर रिकामा करा, टाकीही. आतून तेलाचा हात फिरवा. प्लग काढून चमचाभर ऑइल आत सोडा, किक दोनदा फिरवा, प्लग परत लावा. बॅटरी काढून घरात आणा. गाडी मेन स्टँडवर, टायर जमिनीपासून उचललेले, खाली फळी. सायलेन्सरच्या तोंडाला कापड कोंबा, नाहीतर कुंभारमाशी घर करते. वरून प्लास्टिक कधीच नको, आत घाम धरतो. जुनी सुती चादर पुरे. बुलेट महिनोन्‌महिने उभी राहिली की ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. पाऊस संपल्यावर सुरू करण्याआधी ते काढा, नाहीतर धुराने गल्ली भरेल.

मी मात्र चांगली उघडीप दिसली की काढतोच.

जुन्या गाडीवाले भेटतात कुठे?

इंडिया बाइक वीक २०१३ मध्ये वागातोरला सुरू झाला. एनफिल्डवाल्यांचा नोव्हेंबरमधला वागातोरचा मेळा, पूर्वीचं रायडर मेनिया, आता मोटोव्हर्स. दोन्हींकडे गर्दी, संगीत आणि नव्या गाड्यांचा दरबार. एकदा बघून यावं. जावावाल्यांचा जागतिक दिवस जुलैचा दुसरा रविवार, म्हणजे आपल्याकडे ऐन मुसळधार. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची, तिकडे पाऊस कमी असावा. तरी दर वर्षी काही वेडे रेनकोट घालून निघतात, मीही त्यातलाच.

खरी भेट रविवारी सकाळी सहाला, खाण्याच्या हातगाड्यावर. पातळ भाजी, पाव, मिरची भजी. तिथे कोण कुठला, काय करतो हे कुणी विचारत नाही. कार्ब्युरेटरचा जेट कितवा, एवढंच विचारतात. दसऱ्याला या, झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या एका रांगेत दिसतील.

हे वाचत असताना माझी गाडी रस्त्यात बंद पडली आहे.

कॉक उघडा आहे का? हसू नका, दहात चार वेळा तेच असतं. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर झाकण सैल करून बघा, फुस्स आवाज आला तर तेच. प्लग काढा. ओला असेल तर पुसा, कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. प्लग इंजिनाला टेकवून किक मारा, स्पार्क निळा हवा. स्पार्क नसेल तर पॉइंटमध्ये कोरी कागदाची पट्टी ओढा, घाण निघते. पावसात भिजली असेल तर प्लगची टोपी आतून पुसा. एवढ्यानेही झालं नाही तर पिकअप बोलवा. चढवल्यावर गाडी साइड स्टँडवर उभी करून बांधू नका. सरळ उभी ठेवा, पुढचं चाक कोपऱ्यात अडकवा आणि दोरी हँडलच्या दोन्ही बाजूंनी खाली ओढून बांधा.